नाव कसेल त्याचे

एखाद्या गोष्टीला नाव देणे हा वरकरणी अत्यंत निरुपद्रवी व्यवहार वाटतो. बारशाला जमलेल्या आप्तेष्टांत घटकाभर चर्चा होते, घुगऱ्या वाटल्या जातात आणि विषय संपतो. परंतु ज्या क्षणी नावाबरोबर पत्ता, पत्त्याबरोबर पत आणि पतीबरोबर अधिकार येतो, त्या क्षणी तो व्यवहार निरुपद्रवी राहत नाही. संगणकाच्या जाळ्यावर स्वयंसेवकांनी चालविलेले जे मुक्तस्रोत प्रकल्प आहेत, त्यांत 'सबडोमेन' कोणाला, कोणत्या नावाने आणि किती काळासाठी द्यावयाचे, हा प्रश्न सध्या वारंवार उपस्थित होतो. तो तंत्रज्ञांचा घरगुती प्रश्न आहे असे मानून सुशिक्षित वाचक त्याकडे पाठ फिरवितो. प्रस्तुत लेखकाच्या मते तो मूलतः वाटपाचा, म्हणजे अर्थशास्त्राचा प्रश्न आहे. आणि मराठवाड्यासारख्या बहुभाषिक प्रदेशाला तर त्याकडे दुर्लक्ष करणे मुळीच परवडणारे नाही.

प्रथम विषय नीट समजून घेऊ. महाराष्ट्रात मुरुड नावाची किमान तीन सुपरिचित गावे आहेत. एक लातूर जिल्ह्यातील आमचे मुरुड, दुसरे जंजिरा किल्ल्याशेजारचे रायगड जिल्ह्यातील आणि तिसरे दापोली तालुक्यातील, महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे. नुसते 'मुरुड' एवढेच लिहून टपालपेटीत टाकलेले पत्र यांपैकी कोठे जाईल हे कोणी सांगावे? श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन कोडची पद्धत सुरू झाली आणि आमचे मुरुड ४१३ ने, जंजिऱ्याचे ४०२ ने, तर दापोलीचे ४१५ ने सुरू होणाऱ्या क्रमांकांत विसावले. तिन्ही गावांनी आपले नाव राखले आणि गोंधळही टळला. याचे कारण असे की, नाव साऱ्या देशात एकमेव असण्याची गरज नसते. ते आपापल्या कक्षेत एकमेव असले म्हणजे पुरते.

संगणकांच्या जाळ्यावरील नामव्यवस्था याच तत्त्वावर उभी आहे. १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी तिचा आराखडा मांडला. तीत पत्ता उजवीकडून डावीकडे वाचावयाचा असतो. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या संकेतस्थळाच्या पत्त्यात शेवटी 'इन' म्हणजे भारत, त्याआधी 'एसी' म्हणजे शैक्षणिक संस्था आणि त्याआधी विद्यापीठाचे संक्षिप्त नाव येते. प्रत्येक पायरीवरील धनी आपल्या खालची नावे देण्यास मुखत्यार असतो. मूळ पत्त्याखाली असा जो एकेक पत्ता फुटतो त्यालाच सबडोमेन म्हणतात; पोटकलम, पोटजात या शब्दांच्या धर्तीवर आपण त्याला 'पोटपत्ता' म्हणू.

टंचाई कशाची?

अर्थशास्त्राचा विद्यार्थी येथे पहिली शंका काढील ती अशी, की टंचाई नसेल तेथे वाटपाचा प्रश्नच कसा उद्भवतो? पोटपत्त्याचा एकेक खंड ६३ अक्षरांपर्यंत असू शकतो. म्हणजे संभाव्य नावे जवळजवळ अगणित आहेत. एक नाव तयार करण्याचा खर्चही शून्यवत आहे. ही शंका रास्त आहे. परंतु टंचाई नावांची नसून दोन वेगळ्याच वस्तूंची आहे. पहिली वस्तू म्हणजे सुटसुटीत, अर्थवाही नावे. 'मराठी' किंवा 'लातूर' हे नाव एकदाच देता येते. ज्याला ते मिळाले तो त्या भाषेचा किंवा गावाचा प्रतिनिधी ठरतो, मग त्याने ते काम केलेले असो वा नसो. दुसरी वस्तू म्हणजे मूळ पत्त्याची पत. एखाद्या प्रकल्पाने पंधरा-वीस वर्षे खपून मिळविलेला विश्वास प्रत्येक पोटपत्त्याला आपोआप लाभतो आणि एका पोटपत्त्यावर झालेला गैरप्रकार साऱ्या भावंडांना भोवतो. अर्थशास्त्राच्या परिभाषेत हा बाह्य परिणाम होय.

हा धोका काल्पनिक नाही. गिटहब या कंपनीने एप्रिल २०१३ मध्ये वापरकर्त्यांची संकेतस्थळे आपल्या मुख्य पत्त्याखालून काढून वेगळ्या पत्त्याखाली नेली, ती सुरक्षिततेच्या कारणासाठीच. एखादी सेवा बंद पडते, तिच्याकडे बोट दाखविणारी नामनोंद मात्र तशीच राहते आणि मग कोणी भामटा ती सोडून दिलेली जागा बळकावून मूळ प्रकल्पाच्या नावाने दुकान थाटतो, हे प्रकारही तंत्रज्ञांच्या चांगल्या परिचयाचे आहेत. याच्या उलट बाजूने, पोटपत्त्याचे मोल ओळखणाऱ्यांत आपली रिझर्व्ह बँकही आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिने बँकांसाठी 'बँक डॉट इन' या राखीव नावाची घोषणा केली, ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँकांनी तेथे स्थलांतर करावे असे फर्मावले आणि नोंदणीचे काम हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेकडे सोपविले. ग्राहकाने पत्त्याचे शेपूट पाहून खरी बँक ओळखावी, हा त्यामागील हेतू. रिझर्व्ह बँकेच्या हाती कायद्याचा दंडुका आहे. स्वयंसेवकांच्या प्रकल्पापाशी नियमांखेरीज दुसरे काहीच नाही. म्हणूनच ते नियम विचारपूर्वक केलेले असावे लागतात.

कोकणीचा धडा

या बाबतीत आपल्याला सर्वांत जवळचे उदाहरण विकिपीडियाचे आहे. तिच्यामागील मीडियाविकी ही प्रणाली मुक्तस्रोत असून लेखन, अनुवाद आणि व्यवस्थापनाचा मोठा भाग स्वयंसेवक सांभाळतात. प्रत्येक भाषेला तेथे एक पोटपत्ता मिळतो. १ मे २००३ रोजी सुरू झालेली मराठी विकिपीडिया 'एमआर' या दोन अक्षरांखाली नांदते. ही अक्षरे कोणी मनाने ठरविली नाहीत. भाषांच्या नावांसाठी जी आंतरराष्ट्रीय प्रमाणचिन्हे आहेत त्यांतून ती घेतली गेली. या पद्धतीत एक शहाणपण आहे. १९९४ साली जॉन पोस्टेल यांनी देशांच्या पत्त्यांविषयी लिहिलेल्या टिपणात तेच शहाणपण सांगितले होते: देश कोणता आणि कोणता नाही याचा निवाडा पत्ते वाटणाऱ्याने करू नये, त्यासाठी आधीच अस्तित्वात असलेली आंतरराष्ट्रीय यादी प्रमाण मानावी. वाटप करणारा आणि न्यायनिवाडा करणारा एकच असला की पक्षपाताचा संशय येणारच.

तथापि यादी प्रमाण मानली म्हणजे वाद मिटतातच असे नाही. ते एक पायरी वर सरकतात एवढेच. कोकणी ही स्वतंत्र भाषा की मराठीची बोली, हा वाद गोव्याने आणि महाराष्ट्राने किती कडवटपणे खेळला ते मध्यमवयीन वाचकांस आठवत असेल. १९७५ साली साहित्य अकादमीने तिला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली, १९८७ साली गोव्याच्या राजभाषा कायद्याने तिला स्थान दिले आणि १९९२ साली ती राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात गेली. इतके होऊनही आंतरराष्ट्रीय यादीत कोकणीसाठी एक नव्हे, तीन चिन्हे आहेत: समूहासाठी 'केओके', गोव्याच्या कोकणीसाठी 'जीओएम' आणि महाराष्ट्राकडील कोकणीसाठी 'केएनएन'. कोकणी विकिपीडिया २०१५ साली सुरू झाली ती 'जीओएम' या चिन्हाखाली. मंगळूर-कारवारकडील कोकणी भाषकाला या पत्त्यात आपले घर दिसते काय, देवनागरीत लिहिणाऱ्याने आणि रोमीत लिहिणाऱ्याने एकाच छपराखाली कसे नांदावे, हे प्रश्न त्या तीन अक्षरांत दडलेले आहेत.

बिहारचे उदाहरण आणखी बोलके आहे. 'बिहारी' या समूहनामाचे 'बीएच' हे चिन्ह घेऊन एक विकिपीडिया उघडली गेली. पण 'बिहारी' नावाची भाषा कोणाच्या घरी बोलली जाते? प्रत्यक्षात तेथे भोजपुरी लेखन झाले आणि मैथिलीला २०१४ साली आपले वेगळे दार उघडावे लागले. युरोपात आलेमानी बोलींच्या विकिपीडियाने 'एएलएस' हे नाव घेतले. पुढे २००७ साली प्रमाणचिन्हांची विस्तृत यादी आली तेव्हा ती तीन अक्षरे अल्बेनियातील तोस्क भाषेच्या वाट्याला गेलेली होती. पत्ता एकाचा आणि चिन्ह दुसऱ्याचे, असा हा प्रकार अनेक वर्षे चालू राहिला. घाईने दिलेले नाव पुढच्या पिढीला असे निस्तरावे लागते.

अधिकृत आणि अनधिकृत

नावांची मागणी पुरविताना प्रकल्पचालकांपुढे नेहमी एक पेच असतो. दार घट्ट लावून घेतले तर नवा, उत्साही कार्यकर्ता परत जातो. दार सताड उघडे ठेवले तर पत धोक्यात येते. १९९३ साली इयन मर्डॉक यांनी सुरू केलेल्या डेबियन या प्रकल्पाने या पेचातून मार्ग काढला आहे. तेथे दोन मूळ पत्ते आहेत. 'डेबियन डॉट ऑर्ग' खालील सेवा प्रकल्पाच्या अधिकृत, म्हणून त्यांच्या नोंदी प्रकल्पाचे व्यवस्थापक पाहतात. 'डेबियन डॉट नेट' खाली मात्र प्रकल्पाच्या कोणत्याही सदस्य-विकासकाला आपल्या प्रयोगासाठी नाव घेता येते. तेथील सेवा अनधिकृत आहे हे पत्ताच सांगतो. जे प्रयोग रुजतात त्यांना सन्मानाने आत घेतले जाते. बॅकपोर्ट्स ही सेवा कित्येक वर्षे बाहेर वाढली आणि २०१० साली अधिकृत पत्त्याखाली आली. ओसरी आणि माजघर यांतील भेद जुन्या वाड्यांना ठाऊक होता. ओसरीवर कोणीही यावे, बसावे, बोलावे. माजघरात प्रवेश ओळख पटल्यावर. दोन्ही असल्याखेरीज वाडा वाडा होत नाही.

जेएस डॉट ऑर्ग या उपक्रमाने आणखी एक चांगला पायंडा पाडला आहे. जावास्क्रिप्ट भाषेशी संबंधित प्रकल्पांना तेथे विनामूल्य पोटपत्ते दिले जातात आणि ते कोणाकोणाला दिले याची वही सर्वांना पाहण्यासाठी खुली असते. मागणी त्या वहीतच नोंदवायची, तपासणीही तेथेच व्हायची. सात-बाराचा उतारा चावडीवर लावला म्हणजे निम्मे तंटे उद्भवतच नाहीत, हे आपल्या खेड्यांना सांगावयास नको.

कूळकायद्याचे तत्त्व

नाव कोणाला द्यावे याचे उत्तर देताना या प्रदेशाच्या इतिहासाकडे पाहावे. निजामी राजवट संपल्यावर मराठवाड्यात १९५० चा हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा आला. जमिनीवर कागदोपत्री कोणाचे नाव आहे याच्याबरोबरच ती प्रत्यक्ष कोण कसतो याला कायद्याने मोल दिले आणि संरक्षित कूळ ही संज्ञा घरोघरी पोहोचली. अंमलबजावणीत कितीही उणिवा राहिल्या असोत, तत्त्व खरे होते: हक्काचा उगम श्रमात आहे. पोटपत्त्यांच्या बाबतीत हेच तत्त्व लागू करावयास हवे. विकिमीडियाने ते काही अंशी केले आहे. नव्या भाषेला थेट पत्ता मिळत नाही. आधी 'इन्क्युबेटर' नावाच्या रोपवाटिकेत काम करून दाखवावे लागते. तेथे सातत्याने लेखन होत आहे, लिहिणारे एकाहून अधिक आहेत, हे दिसल्यावरच भाषासमिती शिफारस करते.

यावर आक्षेप घेतला जाईल की, ज्यांच्यापाशी वेळ, वीज आणि संगणक आहे तेच कसू शकतात. मग हा नियम सबळांचाच पक्ष घेत नाही काय? आक्षेप वजनदार आहे. कोकणीला राज्य होते, विद्यापीठ होते, तरीही रोपवाटिकेत वर्षानुवर्षे थांबावे लागले. ज्या भाषेमागे यांपैकी काहीच नाही तिने काय करावे? यावर तोडगा असा, की कसण्याची अट ठेवावी, परंतु मोजमाप माणसांच्या संख्येने न करता सातत्याने करावे. वर्षभर नेमाने काम करणाऱ्या चार माणसांचे मोल दोन महिने गर्दी करणाऱ्या चाळीस माणसांहून कमी लेखू नये. आणि अनधिकृत ओसरी त्यांना पहिल्या दिवसापासून मोकळी असावी.

त्याच तत्त्वाची दुसरी बाजू पडीक नावांची. नाव घेऊन ठेवावयाचे आणि काही करावयाचे नाही, ही वतनदारी झाली. पोटपत्ता देतानाच मुदत सांगावी. मुदतीनंतर विचारणा, मग सूचना, मग तात्पुरती स्थगिती आणि शेवटी नाव परत घेणे, अशा पायऱ्या लिहून ठेवाव्यात. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषींनी १९९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सामुदायिक संपत्ती टिकवून ठेवणाऱ्या समाजांची जी लक्षणे नोंदविली, त्यांत चढत्या क्रमाची शिक्षा आणि तंटे सोडविण्याची स्वस्त, जवळची व्यवस्था ही दोन ठळक आहेत. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, परंतु पांझरा आणि मोसम नद्यांकाठच्या फडकऱ्यांनी पाण्याच्या पाळ्या लावताना हीच सूत्रे कितीतरी आधी अमलात आणली होती. पाटकरी नेमावयाचा तो सर्वांनी मिळून आणि त्याने पाळी चुकविली तर जाब विचारावयाचा तोही सर्वांनी. स्वयंसेवी प्रकल्पातील नामव्यवस्थापक हा असाच पाटकरी आहे. त्याच्या हाती किल्ली असते म्हणून तो पाण्याचा मालक ठरत नाही.

नामांतराची किंमत

पत्ता बदलण्याच्या बाबतीत मात्र अतिशय कृपण असावे. १५ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा झाला आणि तोवर उस्मानाबाद जिल्ह्यात असलेली गावे नव्या जिल्ह्यात आली. गाव जागचे हलले नाही. दाखले, शिक्के, पाट्या आणि दस्तऐवज मात्र बदलावे लागले. जाळ्यावर हे दुखणे अधिक तीव्र असते, कारण इतरांनी आपल्या लेखनात दिलेले हजारो संदर्भ त्या पत्त्यावर अवलंबून असतात. आपला मराठी विश्वकोशच आजवर एकाहून अधिक पत्त्यांवर नांदला आहे. प्रत्येक वेळी विद्यार्थ्याच्या टिपणातील आणि अभ्यासकाच्या ग्रंथातील पत्ता जुना होतो.

पण न्यायासाठी बदल करावा लागलाच तर तो कसा करावा, याचा नमुना बेलारूसच्या भाषेने घालून दिला आहे. तिच्या दोन लेखनपद्धतींचे अनुयायी २००७ साली वेगळे झाले, तेव्हा जुन्या पद्धतीच्या विकिपीडियाला जो पत्ता मिळाला त्यात 'ओल्ड', म्हणजे 'जुनी', हे विशेषण होते. जिवंत लेखनपद्धतीला जुनी म्हणणे हा तिच्या लेखकांना उपमर्द वाटला तर नवल नाही. २०१५ साली तो पत्ता बदलून त्या पद्धतीच्या रीतसर नावाचा झाला. आतल्या यंत्रणेत मात्र जुने नाव राहू दिले गेले. दारावरची पाटी बदलली, पाया खणला नाही. जुना पत्ता नव्याकडे वाट दाखवीत राहील, ही हमी देता येत नसेल तर नामांतराचा ठराव मांडूच नये.

आपल्या दारातील प्रश्न

हे सारे दूरदेशीचे वाटेल. पण लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतील तांड्यांवर बोलल्या जाणाऱ्या भाषेचा विचार करून पाहावा. तिला कोणी गोरमाटी म्हणतो, कोणी बंजारा, कोणी लमाणी. आंतरराष्ट्रीय यादीत ती 'लंबाडी' या नावाने, 'एलएमएन' या चिन्हाखाली नोंदलेली आहे. महाराष्ट्रात ती देवनागरीत लिहिली जाते, तर तेलंगणात तेलुगू आणि कर्नाटकात कन्नड लिपीत. उद्या तांड्यावरील चार शिकलेल्या तरुणांनी आपल्या भाषेसाठी एखाद्या मुक्त प्रकल्पात पोटपत्ता मागितला, तर पाटीवर कोणते नाव लिहावयाचे? लिपी कोणती? आणि हे ठरविणार कोण? खानदेशातील अहिराणीला 'एएचआर' आणि वऱ्हाडीला 'व्हीएएच' ही चिन्हे मिळालेली आहेत. आमच्या लातूर-नांदेडच्या बोलीला ते नाही. या यादीत ज्यांची नोंद आहे त्यांना दार ठोठावता येते. ज्यांची नाही त्यांना आधी यादीचा दरवाजा शोधावा लागतो. ती यादी अमेरिकेतील एसआयएल इंटरनॅशनल ही संस्था सांभाळते आणि तीत दुरुस्ती सुचविणारा अर्ज कोणालाही करता येतो. असा अर्ज पुराव्यानिशी लिहिणे हे खरे पाहता भाषाविभागांचे आणि महाविद्यालयांचे काम आहे.

गोवा विद्यापीठाने २०१३ साली आपला चार खंडांचा कोकणी विश्वकोश मुक्त परवान्याखाली खुला केला आणि विकिपीडियासाठी काम करणाऱ्यांना भक्कम आधार मिळाला. मराठवाड्यातील महाविद्यालयांपाशीही बोलींचे प्रबंध, लोकगीतांची संकलने, शब्दसंग्रह पडून आहेत. ते खुले झाले तर तांड्यावरच्या त्या चार तरुणांना रोपवाटिकेत पेरावयास बियाणे मिळेल. मराठी भाषकांनी या कामी मोठ्या भावाची नव्हे, शेजाऱ्याची भूमिका घ्यावी. कोकणीच्या वाटेत उभे राहून आपण काय कमावले, याचा हिशेब इतिहासाने मांडून ठेवलेला आहे.

प्रकल्प चालविणाऱ्यांकडून अपेक्षा फार नाहीत. नियम लिहिलेले असावेत, वही खुली असावी, अधिकृत-अनधिकृत यांतील सीमा पत्त्यावरूनच कळावी, नाव कसणाऱ्याला मिळावे, पडीक नाव परत यावे आणि दिलेला पत्ता मोडू नये. आणि एक महत्त्वाची भर: ज्या समाजाचे नाव पाटीवर लिहावयाचे, त्या समाजातील माणूस निर्णयाच्या बैठकीत असावा. स्वयंसेवकांना एवढ्या कामाला वेळ कोठला, असे विचारले जाते. नियम नसताना प्रत्येक नावावर जे महिनोन्महिने वाद चालतात, त्यांत खर्ची पडणारा वेळ कोणी मोजला आहे काय?